जुन्या गार्डन ट्रॅक्टरसाठी वापरलेला गिअरबॉक्स शोधताना

आमच्याकडे १९७४ नंतरच्या सी सिरीजमधला व्हील हॉर्स सी-१२० हा गार्डन ट्रॅक्टर, म्हणजे बागकामाचा छोटा ट्रॅक्टर आहे, कोहलरचं बारा हॉर्सपॉवरचं सिंगल सिलिंडर इंजिन आणि मागे आठ स्पीडचा गिअरबॉक्स. इंजिन एकदम ठणठणीत, थंडीतही दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात सुरू होणारं, पण गेल्या हंगामात मागे ट्रेलर लावून चढ चढताना सेकंड गिअर आपोआप सुटायला लागला. आधी वाटलं लिव्हरचं टोक झिजलं असेल, कारण या ट्रॅक्टरवर ते झिजतंच, मग लिव्हर काढून बघितली तर ती ठीक होती. शेवटी खालचा ड्रेन प्लग काढला आणि तेलाआधी पाणीच आलं, चांगलं पेलाभर, आणि त्यामागून चहाच्या रंगाचं गढूळ तेल. प्लगच्या आट्यांना चिकटून नखाएवढा एक लोखंडाचा तुकडा आला, पुसून बघितला तर एका बाजूला चकचकीत आणि दुसऱ्या बाजूला दाणेदार. गिअरचा दाताच तुटलेला होता.

पाणी कुठून गेलं हे सांगतो, कारण जुना गिअरबॉक्स विकत घेताना हीच गोष्ट सगळ्यात आधी बघायची असते. गिअर लिव्हर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या लोखंडी कवचात, जिथून आत जाते तिथे रबराचं बूट असतं. पन्नास वर्षांत ते कडक होऊन चिरतं, ट्रॅक्टर बाहेर उघड्यावर उभा असेल तर पाऊस आणि बर्फाचं पाणी लिव्हरवरून ओघळत सरळ आत. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाला जाऊन बसतं, खालची बेअरिंग आणि गिअर गंजतात, आणि कडाक्याच्या थंडीत तेच पाणी गोठून फुगलं तर कास्ट आयर्नची केससुद्धा तडकू शकते. आधीच्या मालकाने हा ट्रॅक्टर बरीच वर्षं झाडाखाली ठेवला होता, ते आम्हाला माहीत होतंच.

आता दोन रस्ते होते. एक म्हणजे हाच बॉक्स उघडून तुटलेले गिअर बदलायचे, दुसरा म्हणजे पूर्ण वापरलेला गिअरबॉक्स आणायचा. व्हील हॉर्स ही साउथ बेंड, इंडियानाची कंपनी, १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि १९८६ मध्ये टोरोने घेतली, त्यामुळे नावाला का होईना मागे कंपनी उभी आहे, पण या गिअरबॉक्सच्या आतले बरेचसे पार्ट आता बंद झालेत. सुटे गिअर मिळतात ते कुणीतरी दुसरा बॉक्स फोडून विकलेले, म्हणजे तेही वापरलेलेच, आणि एकेक गिअर गोळा करत बसलं तर पूर्ण बॉक्सपेक्षा जास्त पैसे जातात. शिवाय एक दाता तुटला की तो तुकडा फिरून फिरून बाकीच्या गिअरनाही जखमा करतो, तेव्हा एक बदलून भागत नाही. म्हणून अख्खा बॉक्सच घ्यायचा ठरलं.

आणि इथे खरी गंमत सुरू होते, म्हणजे मला तरी हा भाग मनापासून आवडला. जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स शोधणं म्हणजे अर्धं काम ओळख पटवण्याचं असतं. विकणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिक असतो, पण त्याला स्वतःलाच माहीत नसतं की हातात काय आहे. हे ट्रॅक्टर पन्नास-साठ वर्षं चार-पाच हातांतून फिरलेत, कुणी मध्येच मागचं सगळं बदललं, कुणी दोन ट्रॅक्टरचा एक केला, त्यामुळे "हा अमुक मॉडेलमधून काढलाय" या वाक्यावर काहीच ठरवायचं नाही. लोखंड काय सांगतं ते बघायचं.

आधी थोडं सगळ्यांबद्दल, कारण जाहिरातींमध्ये सगळं मिसळलेलं असतं. या ट्रॅक्टरांमध्ये गिअर, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) आणि मागचे दोन्ही ॲक्सल एकाच केसमध्ये असतात, त्याला ट्रान्सॲक्सल म्हणतात, पण बोलताना सगळे ट्रान्समिशनच म्हणतात. व्हील हॉर्सचा गिअरवाला बॉक्स त्यांनी स्वतः बनवलेला, युनि-ड्राइव्ह नावाचा, बेल्टवर चालणारा. कब कॅडेट १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने काढला, पहिलं मॉडेल सोडलं तर त्यात बेल्ट नाहीच, इंजिनपासून मागे शाफ्ट जातो, आणि मागचा भाग त्यांच्याच फार्मॉल कब या छोट्या शेती ट्रॅक्टरच्या वळणाचा, भलता मजबूत. जॉन डिअर ११०, म्हणजे १९६३ पासूनचा, त्यात पीरलेसचा बॉक्स. केस (Case) या कंपनीच्या, हायड्रॉलिक मोटरवर चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्येही मोटरच्या मागे पीरलेसचा दोन स्पीडचा बॉक्स असतो. आता पीरलेस म्हणजे बाहेरून बॉक्स बनवून अनेक कंपन्यांना विकणारे, त्यामुळे पीरलेस लिहिलंय म्हणजे माझ्या ट्रॅक्टरला बसेल असं अजिबात नाही. ६०० सिरीजचा हलका बॉक्स वेगळा, २३०० सिरीजचा कास्ट आयर्नचा जाडजूड वेगळा, आणि एकाच सिरीजमध्येसुद्धा शेवटचे आकडे बदलले की ॲक्सलची लांबी, शाफ्टची बाजू, ब्रेकची जागा बदलते. पीरलेस घेणाऱ्याने केसवरच्या प्लेटवरचा पूर्ण नंबर मागायचा, नुसता "२३००" ऐकून पैसे द्यायचे नाहीत.

आमचं काम व्हील हॉर्सपुरतं होतं, तरी त्यातही फसायला भरपूर जागा आहे. आठ स्पीड म्हणतात खरं, पण पुढे जायचे सहाच आणि रिव्हर्सचे दोन. तीन पुढचे आणि एक रिव्हर्स, आणि त्यावर हाय-लोची वेगळी लिव्हर, म्हणून चार दुणे आठ. म्हणजे फोटोत दोन लिव्हर दिसायला हव्यात. हे इतकं साधं आहे तरी तीन स्पीडचा बॉक्स "एट स्पीड" म्हणून विकायला ठेवलेला आम्ही स्वतः बघितला, विकणाऱ्याने ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं स्टिकर वाचून जाहिरात टाकली होती आणि त्या ट्रॅक्टरखालचा बॉक्स कुणीतरी कधीच बदललेला होता.

दुसरी गोष्ट नंबरची. केसवर दोन प्रकारचे नंबर असतात आणि यात भलेभले गोंधळतात. एक मोठ्या उठावाच्या आकड्यांचा, जो ओतकामातच आलेला असतो, तो कास्टिंग नंबर. तो फक्त कच्च्या ओतीव केसचा नंबर आहे, एकाच ओतीव केसवर मशिनिंग वेगवेगळं करून वेगवेगळे बॉक्स बनतात, त्यामुळे कास्टिंग नंबर जुळला म्हणजे बॉक्स जुळला असं होत नाही. दुसरा नंबर खऱ्या ट्रान्समिशनचा, तो बारीक असतो आणि जवळजवळ नेहमी रंगाच्या दोन-तीन थरांखाली आणि तेल-मातीच्या कवचाखाली असतो. आमच्या जुन्या बॉक्सवरचा नंबर काढायला रॉकेल, प्लॅस्टिकचा स्क्रेपर आणि पितळी तारेचा ब्रश लागला. लोखंडी तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका, नंबर बारीक असतो, पुसून जातो. आकडे वर आले की त्यावर खडू घासायचा आणि बोटाने पुसायचं, खाचेत खडू राहतो, आकडे पांढरे उठून दिसतात आणि मोबाईलच्या टॉर्चने तिरका उजेड टाकून फोटो काढला की वाचता येतो. हीच युक्ती आम्ही पुढे विकणाऱ्यांना पण सांगायचो आणि बहुतेकांनी आनंदाने केली.

नंबर नसेल, पुसला असेल, तर मोजमाप. यात सगळ्यात महत्त्वाचं ॲक्सलची जाडी. व्हील हॉर्समध्ये छोट्या जुन्या बॉक्सना १ इंचाचे ॲक्सल, आणि आमच्यासारख्या मोठ्या ट्रॅक्टरच्या बॉक्सना १ पूर्णांक १/८ इंचाचे, म्हणजे मिलिमीटरमध्ये २५.४ आणि २८.६. तीन मिलिमीटरचा फरक फोटोत दिसत नाही, डोळ्यांनाही समजत नाही, पण हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बसत नाही आणि हब बसला नाही तर चाक नाही. म्हणून व्हर्निअर लावूनच बघायचं, आणि समोरच्याकडे व्हर्निअर नसेल तर बारीक स्पॅनर ॲक्सलवर सरकवून बघायला सांगायचं, १ इंचाचा स्पॅनर बसला की विषय संपला. मग ॲक्सलची लांबी, मग इनपुट शाफ्टची (इंजिनाकडून ताकद आत नेणाऱ्या शाफ्टची) जाडी आणि पुली बाहेर किती येते ते, मग केस फ्रेमला जिथे बोल्टने लागते तिथल्या भोकांमधलं अंतर. आम्ही आमच्या जुन्या बॉक्सची ही सगळी मापं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली होती, चित्र काढून, आणि तोच कागद फोटो काढून प्रत्येकाला पाठवायचो. आणखी एक बारीक गोष्ट, काही केसना न्यूट्रल सेफ्टी स्विचची (गिअर न्यूट्रलमध्ये नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या स्विचची) जागा असते आणि काहींना नसते, तुमच्या वायरिंगमध्ये तो स्विच असेल तर आधी बघून घ्या, नाहीतर बॉक्स बसवल्यावर स्टार्टरच फिरणार नाही.

शोधायची ठिकाणं म्हणाल तर ऑनलाइन जाहिराती, जुन्या ट्रॅक्टरचे मेळावे, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे इंजिन गेलेला पूर्ण ट्रॅक्टर. इंजिन फुटलेल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स बहुतेक वेळा चांगला असतो, कारण इंजिन फुटलं तेव्हा तो चालत होता. "गिअरबॉक्स चांगला आहे, फक्त कुठे वापरला नाही बरीच वर्षं" असं कुणी म्हणालं तर आम्ही लगेच विचारायचो, बरीच वर्षं कुठे होता, छपराखाली की बाहेर, आणि लिव्हरचं बूट शाबूत आहे का त्याचा फोटो पाठवा. निम्मे बॉक्स या एका फोटोतच बाद झाले. पार्सलने मागवायचा विचार आम्ही लवकरच सोडला, हा बॉक्स हबसकट चांगलाच जड असतो, एकट्याने उचलायची वस्तू नाही, पाठवण्याचा खर्च बॉक्सच्या किमतीच्या वर जातो आणि वाटेत आपटून इनपुट शाफ्ट वाकला तर कुणाला विचारणार. शिवाय हातात घेऊन फिरवून बघितल्याशिवाय घ्यायचाच नव्हता.

पहिला बॉक्स बघायला गेलो तो दिसायला फारच सुंदर, नवीन लाल रंग मारलेला. ताजा रंग मारलेला बॉक्स दिसला की मी जास्त सावध होतो, कारण रंगाखाली काय झाकलंय ते कळत नाही. हबच्या आत बोट घालून बघितलं तर ॲक्सलचा कीवे, म्हणजे की बसायची खाच, खाल्लेला होता. हे जरा नीट सांगतो. या ट्रॅक्टरवर चाकाचा हब ॲक्सलवर एका कीने (लोखंडाच्या चौकोनी पट्टीने) आणि ग्रब स्क्रूने (हबच्या आत बुडणाऱ्या छोट्या स्क्रूने) धरलेला असतो. ग्रब स्क्रू ढिला झाला आणि कुणी लक्ष दिलं नाही की ती पट्टी खाचेत हलायला लागते, प्रत्येक वेळी पुढे-मागे करताना थोडी थोडी ठोकते, आणि हळूहळू चौकोनी खाच रुंद आणि गोल होत जाते. एकदा खाच अशी झाली की नवीन की घातली तरी टिकत नाही. ॲक्सल बदलायचा तर पूर्ण केस उघडावी लागते. ते गृहस्थ म्हणाले, "वेल्ड मारून घ्या ना, आम्ही तसंच करतो." पण वेल्ड मारला की तो हब पुन्हा कधीच निघणार नाही, आणि मागचं ऑइल सील बदलायचं तर हब काढावाच लागतो. नमस्कार करून परत आलो.

दुसरा एक हायड्रोचा निघाला, म्हणजे हायड्रोस्टॅटिक, त्यात गिअर नसून हायड्रॉलिक पंप आणि मोटर असते. जाहिरातीत "ऑटोमॅटिक" लिहिलं होतं आणि भाव इतका कमी की मोह झाला. पण गिअरवाल्या ट्रॅक्टरला हायड्रो बसवायचा म्हणजे लिव्हर, लिंकेज, ब्रेक, पेडल सगळं बदलायचं, आणि जुना हायड्रो वापरून बघितल्याशिवाय घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. थंड असताना तो ओढतोच. अर्धा तास काम करून तेल तापलं की मग कळतं आतली झीज किती झालीय, चढावर गाडी मंदावते, थांबते. सुटा काढून ठेवलेला हायड्रो तुम्ही तापवणार कसा? कब कॅडेटचा हायड्रो घेणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट बघावी लागते, कंट्रोलच्या शाफ्टवरची ट्रनियनची (स्पीड कंट्रोल जिथे जोडतात त्या तुकड्याची) खाच झिजलेली असली की ट्रॅक्टर न्यूट्रलमध्येही हळूहळू सरकतो. ती खाच वेल्ड करून दुरुस्त करणारे लोक आहेत, त्यामुळे त्यावरून भाव कमी करून मागता येतो. कब कॅडेटमध्ये तेलही त्यांचं हाय-ट्रानच घालायचं, गिअरचा असो की हायड्रो, आणि ते पाणी शोषून दुधाळ होतं, त्यामुळे आतली अवस्था तेलाच्या रंगावरूनच कळते.

आम्हाला शेवटी मिळाला तो एका शेतावर, कनेक्टिंग रॉड तुटून इंजिन गेलेल्या सी सिरीजच्या ट्रॅक्टरचा, गोठ्यात छपराखाली ठेवलेला. विकणारे वयस्कर शेतकरी होते, ट्रॅक्टर त्यांच्या मोठ्या भावाचा, घरात पहिल्यापासून असलेला. मी फोनवरच विनंती केली होती की काहीही ठोकून काढू नका, चाकं आणि हब जसेच्या तसे राहू द्या, कारण हब हातोड्याने ठोकून काढताना हबला तडा जातो किंवा ॲक्सलचा मार आत बसतो. ते म्हणाले, "मी हात लावलेला नाही, तुम्हीच बघा आणि तुम्हीच काढा." मला हे उत्तर एकदम आवडलं.

तिथे काय काय बघितलं ते क्रमाने सांगतो कारण हीच खरी परीक्षा. आधी ड्रेन प्लग. खाली पांढरा प्लॅस्टिकचा डबा ठेवला आणि प्लग हळूच काढला. पहिली धार पाण्याची आहे की तेलाची हे त्या पहिल्या दोन सेकंदातच दिसतं, म्हणून डोळे तिकडेच पाहिजेत. तेल काळपट होतं पण स्वच्छ, पाणी नाही. डबा उन्हात धरून हलवला, तळाला राखाडी चिखल थोडा होता, तेवढा चालतो, पन्नास वर्षांत तेवढी झीज होणारच. चमचमणारे कण किंवा तुकडे असते तर तिथेच थांबलो असतो. मग बोट प्लगच्या भोकात घालून केसच्या तळावर फिरवलं, हा भाग कुणी करत नाही पण करा, मोठा तुकडा असेल तर तो तेलाबरोबर येत नाही, आतच बसून राहतो.

मग मागचा भाग जॅकवर उचलून दोन्ही चाकं मोकळी केली आणि न्यूट्रलमध्ये एक चाक हाताने फिरवलं, दुसरं उलट्या दिशेने फिरायला लागलं, म्हणजे डिफरन्शियल शाबूत. फिरवताना कान केसजवळ, एका लयीत टक टक येत असेल तर कुठल्यातरी गिअरचा दाता गेलाय किंवा बेअरिंग. मग एकेक गिअर टाकून, हाय आणि लो दोन्हीत, पुली हाताने फिरवत चाक कसं फिरतं ते बघितलं. लो रेंजच्या पहिल्यामध्ये पुली कितीतरी वेळा फिरते तेव्हा चाक जरासं हलतं, थर्ड हायमध्ये झटकन. प्रत्येक गिअर बसताना लिव्हरला एक स्पष्ट टक लागते. ही टक महत्त्वाची, कारण आत शिफ्ट रेलवर (गिअर बदलणाऱ्या दांड्यांवर) स्प्रिंगने दाबलेले छोटे स्टीलचे गोळे असतात, ते रेलच्या खाचेत बसतात आणि गिअर धरून ठेवतात. टक मऊ किंवा गायब असेल तर गिअर सुटणार, आमच्या जुन्या बॉक्ससारखा. इथे सगळ्या जागी टक करकरीत होती, रिव्हर्सला थोडी कमी. मग दोन्ही चाकं धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघितलं, डाव्या बाजूला अगदी किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा होता. सगळ्यात शेवटी इनपुट शाफ्टची पुली धरून वर-खाली केली, तिथे प्ले जास्त असेल तर निडल बेअरिंग (सुईसारखे बारीक रोलर असलेली) संपलीत असं समजायचं. होता थोडा, पण ती बेअरिंग आम्ही तशीही बदलणार होतो.

ॲक्सलची जाडी व्हर्निअरने बघितली, १.१२५ इंच, नंबर घासून काढला तो आमच्या यादीतला. भावाबद्दल फार घासाघीस केली नाही. त्यांनी दोनशे डॉलर म्हटलं, मी डावा प्ले आणि एका बाजूचं गळणारं ऑइल सील दाखवलं आणि दीडशे म्हटलं, आणि हब, पुली, मागची ट्रेलर जोडायची हिच प्लेट सगळं त्यात धरून. ते म्हणाले चालेल. बॉक्स नुसता घेऊ नका, हब आणि पुली बरोबर मागा हे मी सगळ्यांना सांगतो, कारण ज्या हबमध्ये ॲक्सल पन्नास वर्षं बसलाय तो त्याच्याशी जुळलेला असतो, आणि हब वेगळे विकत घ्यायला गेलं तर त्यांचाच भाव बॉक्सएवढा होतो.

हब काढणं हा या सगळ्यातला सगळ्यात हट्टी भाग. ग्रब स्क्रूचं भोक गंजाने बुजलेलं असतं, आधी ते पिनने कोरून स्वच्छ करायचं, म्हणजे ॲलन की तळापर्यंत बसते, अर्धवट बसली तर स्क्रूची खाच गोल होते आणि मग ड्रिल करावं लागतं. ग्रब स्क्रू निघाल्यावर त्याच भोकातून पेनिट्रेटिंग ऑइल सोडायचं, रोज सकाळ-संध्याकाळ, आणि बॉक्स एका बाजूवर उभा करून ठेवायचा म्हणजे तेल आत झिरपतं. हबला पाच स्टड असतात, त्यांना जाड स्टीलची प्लेट बांधून मधोमध बोल्टने ॲक्सलच्या टोकावर दाब द्यायचा. दाब देऊन तसंच सोडून द्यायचं, रात्रभर. सकाळी पुन्हा पाव फेरा. एक हब असाच रात्री कधीतरी स्वतःहून निघाला, दुसऱ्याला हबच्या भोवतीने टॉर्चने गरम करावं लागलं. घाई केलेला प्रत्येक माणूस मला तुटलेल्या हबचा फोटो दाखवतो, त्यामुळे इथे दिवस जाऊ द्यावेत.

चांगला आहे असं वाटत असूनही बॉक्स बसवण्याआधी आम्ही उघडला. बरेच जण म्हणाले कशाला, पण बसवून झाल्यावर सील गळायला लागलं तर पुन्हा सगळं खाली काढायचं, त्यापेक्षा टेबलावर असतानाच करावं. बॉक्स एका बाजूला आडवा ठेवायचा, खालच्या ॲक्सलसाठी टेबलाला भोक किंवा खाली लाकडी खोका, आणि वरची अर्धी केस उचलायची. उचलताना शिफ्ट रेलकडे लक्ष, रेल निघाली की ते स्प्रिंगवाले गोळे उडून जातात आणि गॅरेजमध्ये गेलेला गोळा सापडत नाही, म्हणून आम्ही वर कापड धरलं होतं. प्रत्येक गिअर काढायच्या आधी फोटो, आणि जमिनीवर पुठ्ठा टाकून त्यावर त्याच क्रमाने मांडणी. दाते बघितले, कडा थोड्या गोल झाल्या होत्या पण एकही तुटलेला नाही. डाव्या ॲक्सलचं बुशिंग झिजलेलं निघालं, तो प्ले तिथलाच.

बेअरिंग आणि सील शोधायला कंपनीकडे जायची गरज पडली नाही. जुन्या सीलच्या तोंडावर आणि बेअरिंगच्या कडेला नंबर असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलं की तेच किंवा त्याच मापाचं मिळतं. नंबर वाचता येत नसेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगायची. निडल बेअरिंग दाबून बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवा, ज्या कडेवर नंबर छापलेला असतो तीच कडा जाड आणि कडक असते, दाब फक्त तिच्यावर द्यायचा. उलट्या बाजूने दाबली तर पातळ पत्रा वाकतो, सुया अडकतात, आणि बेअरिंग नवीन असूनही फिरत नाही. सील बसवताना कीवेच्या धारदार कडेवरून रबर सरकताना फाटतं, म्हणून कीवेवर पातळ टेप गुंडाळून त्यावर ग्रीस लावून मगच सील सरकवायचं.

गॅस्केट नवीन कापलं, बोल्ट मधून बाहेर असे समान आवळले, आणि प्रत्येक टप्प्याला शाफ्ट हाताने फिरतोय ना ते बघितलं. आवळल्यावर एकदम घट्ट झालं तर काहीतरी जागेवर नाही, तिथेच थांबून उघडायचं. लिव्हरचं बूट नवीन घातलं, ज्याच्यामुळे हे सगळं झालं. तेल साधारण दोन क्वार्ट (जवळजवळ दोन लिटर) बसतं, जाड गिअर ऑइल, भरल्यावर रात्रभर पुठ्ठ्यावर ठेवला आणि सकाळी पुठ्ठा कोरडा होता.

ट्रॅक्टरला बसवल्यावर सुरुवातीचे काही तास फक्त हलकं काम केलं, मग तेल बदललं. निघालेल्या तेलात नवीन बेअरिंगची बारीक चमक होती आणि बाकी काही नाही, म्हणजे हवं तसंच. आता तोच ट्रेलर घेऊन त्याच चढावर सेकंडमध्ये जातो, लिव्हर हलत नाही.

जुना बॉक्स फेकला नाही. त्यातले दोन्ही ॲक्सल चांगले आहेत, कीवे करकरीत, हब तडा नसलेले, लो रेंजचे गिअर वापरण्यासारखे. तेलात बुडवून, कागदात गुंडाळून, प्रत्येकावर नंबर आणि माप लिहून ठेवलेत. पहिल्या बॉक्सचे ते गृहस्थ, ज्यांच्या ॲक्सलची खाच खाल्लेली होती, त्यांना मी फोन करून सांगितलं की १ पूर्णांक १/८ चा ॲक्सल हवा असेल तर वेल्ड मारू नका, माझ्याकडे आहे, लांबी मोजून कळवा.